उलटं म्हणजे नेमकं कसं?

दुकानात आलेलं गिऱ्हाईक ‘ताई, जरा उलटं छापून पाहिजे’ असं म्हणालं, की मी आधी त्याच्यापुढे स्टूल सरकवते. आता वेळ लागणार हे मला ठाऊक असतं. मी विचारणार, ‘उलटं म्हणजे कसं?’ ते म्हणणार, ‘उलटं म्हणजे उलटंच की!’ मग मी टेबलाच्या खणातून पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा काढणार. त्याच्यावर जाड पेनाने ‘पेण’ लिहिलेलं आहे. तो तुकडा मी आधी डोकं खाली, पाय वर असा फिरवून दाखवते. मग पुन्हा सरळ करून, तव्यावरची भाकरी परतावी तसा परतून दाखवते. पहिल्या खेपेला अक्षरं शीर्षासन करतात, दुसऱ्या खेपेला ती आरशातल्यासारखी होतात. काही गिऱ्हाइकांना यातलं काहीच नको असतं. त्यांना ‘णपे’ हवं असतं. आपल्या भाषेत या तिन्ही गोष्टींना ‘उलटं’ हा एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने मला आयुष्यभर पुरेल एवढी करमणूक दिली आहे.

मी पेणला अक्षरजुळणीचं काम करते. लग्नाआधी मुंबईत गणिताची आणि विज्ञानाची पुस्तकं जुळवून देणाऱ्या एका छापखान्यात होते. तिथे शिकलेली पद्धत घेऊन इकडे नांदायला आले. आमचे हे धरमतरच्या जेटीवर नोकरीला, आणि मी बाजारात एका गाळ्यात संगणक, प्रिंटर आणि पंखा मांडून बसलेली. माझ्या पद्धतीचं नाव लाटेक. हे नाव ऐकून एका शिक्केवाल्याने मला विचारलं होतं, ‘म्हणजे रबराचंच काय तरी ना?’ मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं समजावत बसलं तर काम कधी करायचं?

पण तुम्ही वाचायला बसलाच आहात, तर सांगते. इतर लोक माउसने अक्षर पकडतात आणि हवं तिकडे ओढतात. माझ्याकडे तसं नसतं. मी मजकूर लिहिते आणि त्याच्यातच आज्ञा लिहिते. हे ठळक कर, हे मध्ये घे, हे उभं कर. नेहमी लागणाऱ्या आज्ञांची मोळी बांधून तिला एक नाव देता येतं. त्या मोळीला मॅक्रो म्हणतात. घरात ‘आमटी टाक’ एवढं म्हटलं की पुरतं. डाळ धू, शिजव, फोडणी कर, असं दर वेळी कोणी सांगत बसत नाही. मॅक्रो म्हणजे तसंच. माझे मॅक्रो मी मराठीत ठेवले आहेत. एकाचं नाव ‘फिरव’. त्याला किती अंश ते सांगायचं, म्हणजे तो अक्षरं तेवढी वळवतो. दुसऱ्याचं नाव ‘आरसा’. त्याच्या कंसात काहीही घाला, ते आरशातलं होऊन बाहेर येतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण अक्षर फिरवायचं तर कुठल्या टोकाला धरून फिरवायचं, हेही सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर ते आपल्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर उभं राहतं आणि वरच्या ओळीच्या पोटात डोकं खुपसतं. माझी सुरुवातीची बरीच अक्षरं अशी एकमेकांना ढुशा देत छापून आली.

फिरवणं आणि पलटणं यांतला खरा फरक मला कळला तो आमच्या पेणच्या एका मूर्तिकारामुळे. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. गणपतीच्या पाटाच्या मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उमटावं, म्हणून साच्यात अक्षरं चिकटवायची होती.

‘साचा आम्ही उपडा ठेवतो,’ आप्पा म्हणाले. ‘तेव्हा अक्षरं डोकं खाली करून द्या.’

मी थोडा विचार केला आणि म्हटलं, ‘आप्पा, डोकं खाली करायचं तर तुम्ही कागदच फिरवाल. त्याला माझी काय गरज? साच्यातून अक्षर बाहेर पडतं तेव्हा ते आरशातलं होतं. तुम्हाला आरशातलं पाहिजे.’

आप्पांनी एक सरळ कागद घेतला आणि तो आडवा, उभा, तिरका, सगळीकडे फिरवून पाहिला. कसाही फिरवला तरी अक्षर आरशातलं होईना. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ही तर गंमतच झाली. एवढी वर्षं मी साचे करतोय!’ त्यांचं मन इतकं मोकळं, की पुढचे कितीतरी दिवस कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते कागद फिरवायला लावायचे. कागद फिरवणं हाताला जमतं, त्यावरचं अक्षर पलटणं जमत नाही, हे मी तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगत आले.

फिरवण्यावरूनही भांडणं झाली आहेत. रोह्याला लागून वरसे आहे, तिथल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी वार्षिक अहवाल घेऊन आले. त्यात एक तक्ता इतका रुंद होता की पानात आडवा बसेना. असा तक्ता नव्वद अंश वळवून उभा छापायचा, ही छापखान्यातली नेहमीची रीत. वाचणारा मान थोडी डावीकडे कलती करतो आणि वाचतो. सेक्रेटरींनी नमुना पाहिला आणि मान हलवली.

‘माझी मान डावीकडे जात नाही. स्पाँडिलायटिस. दुसरीकडून फिरवा.’

‘अहो, मग अहवालच फिरवून धरा ना.’

‘वार्षिक सभेत सेक्रेटरीने अहवाल गरागरा फिरवत वाचायचा? शोभतं का?’

मी तक्ता दुसऱ्या बाजूने फिरवून दिला. मला नंतर कळलं, की त्या सभेत सगळे सभासद उजवीकडे माना टाकून बसले होते, आणि एकटे सेक्रेटरी समाधानाने तक्ता वाचत होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येते. बोटाने घासायचे मोबाइल येण्याच्या जराशा आधीची ही गोष्ट आहे. तेव्हाचे फोन बटणांचे होते.

रोह्याच्या बाजूला एका गावच्या मंडळाला रुग्णवाहिका मिळाली. तिचा ड्रायव्हर काशिनाथ. मध्यम वयाचा, बोलका, गाडीवर पोटच्या पोरासारखं प्रेम करणारा. रुग्णवाहिकेच्या कपाळावर नाव आरशातलं लिहितात. पुढच्या गाडीवाल्याने आपल्या आरशात पाहिलं की त्याला ते सुलटं दिसावं आणि त्याने बाजूला व्हावं, म्हणून. काशिनाथने रेडियमवाल्याला सांगितलं, ‘उलटं कर.’ रेडियमवाल्याने इमानदारीत उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ माझ्या दुकानात आला.

‘ताई, गाडीला बघून पोरं हसतात. ‘काहिवाग्णरु आली, काहिवाग्णरु आली’ करून मागं धावतात. तुम्ही उलटं करता असं आप्पा बोलले.’

मी आरसा मॅक्रोच्या कंसात ‘रुग्णवाहिका’ लिहिलं आणि मोठ्या अक्षरात छापून दिलं. रेडियमवाल्याने त्यावरून बरहुकूम कापलं. पण मंडळाचे एक वयस्कर सभासद चिडले. त्यांचं म्हणणं, आधी निदान वाचता तरी येत होतं! काशिनाथने त्यांना शेजारी उभ्या असलेल्या एका बोलेरो जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, रुग्णवाहिका मागे उभी केली आणि म्हणाला, ‘आता आरशात बघा, काका.’ काकांनी पाहिलं. मग उतरून मागे जाऊन पाहिलं. मग परत बसून आरशात पाहिलं. असं बराच वेळ चाललं होतं म्हणे.

त्या रुग्णवाहिकेतून काशिनाथने एकदा वरस्याच्या दत्तारामांना एक्स-रे काढायला नेलं.

दत्ताराम धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. सुट्टीच्या दिवशी घराचा सरकलेला पत्रा नीट करायला छपरावर चढले आणि पाय निसटून पाठीवर पडले. मणक्याला मार लागला. जीव वाचला, हातापायांत बळ होतं, पण डॉक्टरांनी सक्त सांगितलं, की उताणं पडून राहायचं, मान कुठेही वळवायची नाही. गळ्याला आणि कमरेला पट्टा बांधला होता. खोली अरुंद, त्यामुळे खाट अशी ठेवावी लागली की दाराकडे डोकं. कोण आलं, कोण गेलं, त्यांना काही दिसायचं नाही. नुसतं छप्पर दिसायचं. ज्या छपरावरून पडले, तेच. म्हणून त्यांच्या बायकोने, सुगंधाने, कपाटाचा आरसा काढला आणि मच्छरदाणीच्या दांड्यांना तिरका बांधला. त्यात त्यांना मागचं दार आणि अंगण दिसू लागलं. गाडीतल्या आरशात मागचा रस्ता दिसतो, तसं.

तरी माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. जेवायला घातलं तर जेवायचे, विचारलं तर हुं करायचे. मुलगी मयुरी दहावीला होती. पडायच्या आधी शिफ्टवरून कधीही येवोत, दत्ताराम तिला गणित शिकवायला बसायचे. स्वतःचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं, पण गणिताची आवड सुटली नव्हती. आता ते सगळं थांबलं होतं. मयुरी वही घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि बाहेर बाप आरशात अंगण बघत पडलेला असायचा.

एक्स-रे काढून आणल्यावर काशिनाथने गाडी वळवली आणि अंगणात तोंड दाराकडे करून उभी केली. दत्तारामांना खाटेवर ठेवलं. त्यांनी आरशात पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, ‘रुग्णवाहिका.’

पुढचं मी काशिनाथच्या तोंडून ऐकलं आहे. सुगंधा आतून धावत आली. कित्येक दिवसांत नवऱ्याने आपण होऊन बोललेला हा पहिला शब्द होता.

‘काशिनाथ,’ दत्ताराम म्हणाले, ‘भिंतीवरचं कॅलेंडर मला आरशात उलटं दिसतंय. मग तुझी गाडी सुलटी कशी?’

‘पेणच्या ताईंनी करून दिलंय.’

‘त्या गणित पण असं करून देतील?’

दोन दिवसांनी पेणच्या दवाखान्यात एका पेशंटला सोडायला काशिनाथ आला, तेव्हा सुगंधा त्याच्याबरोबर होती. सडपातळ बाई, हातात मयुरीची गणिताची वही. मी स्टूल पुढे केलं आणि सवयीने विचारलं, ‘उलटं म्हणजे कसं?’

‘त्यांना आरशात सुलटं दिसंल असं,’ सुगंधा म्हणाली.

माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारं हे एकच गिऱ्हाईक. प्लॅस्टिकचा तुकडा खणातच राहिला.

मी विचारलं, ‘वहिनी, पण वाचून दाखवलं तर नाही चालणार?’

‘गणित वाचून कसं दाखवायचं, ताई? कंसात एक्स अधिक तीन, कंस पुरा, असं बोलेपर्यंत कंस कुठं सुरू झालेला त्यांना आठवत नाय. मग चिडतात. पोरगी पण चिडते.’

‘आणि कागद वर धरला तर?’

‘धरते ना. हात भरून येतात. कागद हलला की त्यांना गरगरतं. मग मी वहीचं पान खिडकीच्या उजेडावर मागून धरलं. तर मागचं नि पुढचं एकात एक दिसतंय.’ तिने वही माझ्यापुढे सरकवली. ‘ताई, माझं बोलणं ते ऐकतात नि सोडून देतात. पोरीचा अभ्यास घ्यायला लागले तर माणूस परत माणसात येईल. नाय तर मला भीती वाटते.’

मी लगेच वही ठेवून घेतली.

आता मला वाटलं होतं, की यात काय आहे? आरसा मॅक्रो तर तयार आहे. पण तो एका शब्दासाठी केलेला. एक-एक ओळ त्याच्या कंसात घातली, तर प्रत्येक ओळ जागच्या जागी पलटली, पण डावीकडून सुरू होणारी ओळ उजवीकडून सुरू व्हायला हवी, ती काही सरकेना. एकाखाली एक मांडलेल्या पायऱ्या वाकड्यातिकड्या झाल्या. बरोबरचं चिन्ह एका सरळ रेषेत यायचं सोडून दारू प्यायल्यासारखं खाली उतरत गेलं. गणितात पायऱ्याच हलल्या तर राहिलं काय?

मग डोक्यात आलं, की ओळी पलटायच्याच नाहीत. आधी सगळं पान नेहमीसारखं सुलटं रचायचं, कंस, वर्गमुळं, अपूर्णांक सगळं जागेवर बसवायचं, आणि तयार झालेलं पान अख्खंच्या अख्खं उचलून पलटायचं. मुंबईला असताना गणिताची एवढी पुस्तकं जुळवली होती, पण पेणच्या बाजारात बसून गणित जुळवायला मिळेल असं वाटलं नव्हतं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं यांतून बाहेर पडून वर्गमुळाचं चिन्ह लिहिताना मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

छापलेलं पान तपासायचं तर आरसा हवा. मी घरून केस विंचरायचा आरसा आणला आणि दुकानात कागदासमोर धरून वाचायला लागले. शेजारच्या कापडवाल्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना गाठलं. ‘वहिनींचं बरं आहे ना? दिवसभर आरशात बघत बसतात.’ ह्यांनी संध्याकाळी मला ते सांगितलं आणि वर विचारलं, ‘काय दिसतं गं एवढं?’ मी म्हटलं, ‘बहुपदी.’

पहिली पानं मी स्वतः घेऊन गेले. असं काम टपालाने पाठवून भागत नाही. ते डोळ्यांनी चालताना बघावं लागतं. एसटीने रोहा, तिथून रिक्षाने वरसे. दारातून आत गेले तर समोर दत्तारामांचं डोकं आणि वर टांगलेल्या आरशात त्यांचा चेहरा. मी त्या चेहऱ्याला नमस्कार केला. त्यानेही आरशातूनच ‘या’ म्हटलं.

सुगंधाने मोठ्या उत्साहाने पान घेतलं आणि नवऱ्याच्या पायांशी जाऊन उभं धरलं. आरसा तिने थोडा तिकडे वळवला. मयुरी आतल्या दारात उभी होती, वेणीचं टोक तोंडात धरून.

दत्तारामांनी आरशात डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, ‘ताई, डोकं खाली हाय.’

एवढ्या लांबून, एवढी खटपट करून! मग लक्षात आलं. खाटेच्या डोक्याशी धरलेलं पान आरशात सरळ दिसतं, पायांशी धरलेलं डोक्यावर उभं राहतं.

‘वहिनी, कागद फिरवा. खालची बाजू वर.’

सुगंधाने कागद फिरवला.

दत्तारामांचे डोळे आरशात डावीकडून उजवीकडे सरकायला लागले. खाली उतरले. परत सुरुवातीला आले. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या डोक्यामागे उभी राहून तेच पान आरशात वाचत होते.

‘मयुरी,’ ते म्हणाले, ‘तिसऱ्या पायरीला वजा होतं. तू अधिक केलंस.’

‘नाय, बाबा. बाईंनी तसंच सांगितलंय.’

‘बाईंनी नाय सांगितलं. तू फळ्याकडं बघत नव्हतीस.’

‘बघत होते!’

‘मग वजा कुठं गेलं?’

मयुरी तावातावाने पुढे आली आणि कागदावर बोट ठेवून वाद घालायला लागली. आरशात तिचं बोट भलत्याच ठिकाणी दिसत होतं, त्यावरून दोघांचं वेगळंच जुंपलं. सुगंधा मला म्हणाली, ‘चहा टाकते.’ आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. चहा आला तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चहात साखर घालायची राहून गेली होती. आम्ही सगळ्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

त्यानंतर एक रीत पडली. मयुरी शाळेतली उदाहरणं आणि आपण सोडवलेलं गणित वहीत लिहायची, वही काशिनाथच्या गाडीतून पेणला यायची आणि माझी पानं परतीच्या खेपेला वरस्याला जायची. दाराच्या चौकटीला सुगंधाने दोरी बांधली होती. कपड्यांच्या चिमट्यांनी पानं तिथे लटकवायची, म्हणजे आरशात सरळ दिसायची आणि कोणाला धरून उभं राहायला नको. मी अक्षर मोठं केलं. भूमितीत त्रिकोण आले, तेही पलटले. काशिनाथ तर दुकानात येऊन पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचा, ‘ही ताई आमच्या गाडीची डॉक्टर.’

मला त्या दिवसांत फार अभिमान झाला होता. ते लपवत नाही.

मग एकदा मयुरीच सुगंधाबरोबर दुकानात आली. म्हणाली, ‘काकी, एक बोलू? तुमचं पान येईपर्यंत मी पुढच्या धड्यावर गेलेली असते. बाबा आज जी चूक काढतात, ती मी गेल्या आठवड्यात केलेली असते.’

खरं होतं. पण मी काय करणार? प्रिंटर पेणला, पोरगी वरस्याला.

‘मग मी हे केलं,’ म्हणत तिने दप्तरातून वहीचं पान काढलं. पुढून तिच्या अक्षरात सोडवलेलं गणित. मागे तेच गणित निळ्या रंगात, आरशातलं, स्पष्ट. मी चक्रावले. तिने कागदाखाली कार्बन पेपर ठेवला होता, पण शाईची बाजू वर करून. पुढून लिहीत जावं, की त्याच कागदाच्या पाठीवर आरशातलं अक्षर आपोआप उमटत जातं. गणित सोडवून झालं की पान चिमट्याला पाठमोरं लटकवायचं. बाप लगेच वाचायला मोकळा.

मी ते पान खालीवर करून पाहत बसले. माझे मॅक्रो, पलटलेली पानं, केस विंचरायचा आरसा, काशिनाथच्या खेपा. आणि या मुलीने बिलबुकातला एक कार्बन पेपर घेतला आणि काम संपवलं. क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. मग मला हसू आलं, आणि ते थांबेना. सुगंधा घाबरली.

‘ताई, रागावलात?’

‘नाही हो, वहिनी. मला हे सुचलं नाही, याचं हसू येतंय.’

मग आम्ही कामं वाटून घेतली. छापील उदाहरणं माझ्याकडे, तिची उत्तरं कार्बनकडे. परीक्षेचं काय झालं तेही आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मयुरी गणितात चांगली पास झाली. पहिली वगैरे नाही आली, पण तिला हवं होतं तिथे प्रवेश मिळाला. आज ती एका प्रयोगशाळेत नोकरी करते. दत्ताराम बऱ्याच महिन्यांनी कंपनीत परत गेले, बसून करायच्या कामावर. माझं म्हणाल, तर आता आरशातलं अक्षर मागायला फारसं कोणी येत नाही. फोनवर बोट ठेवलं की चित्र पलटतं. माझा आरसा मॅक्रो अजून जागेवर आहे, अधूनमधून शिक्केवाल्यासाठी चालवते. त्या गणिताच्या पानांतलं एकही मी माझ्याजवळ ठेवलं नाही, याची मात्र चुटपुट लागून राहिली आहे.

पण मला सांगायचा आहे तो परीक्षेच्या थोडा आधीचा एक दिवस.

वर्तुळाचा धडा मी फार मन लावून केला होता. स्पर्शिका, जीवा, कंस, कोन. आकृत्या सुबक, अक्षरं टपोरी, सगळं पान पलटून आणि दोनदा आरशात तपासून. मला वाटलं, हा धडा आपल्या हाताने द्यावा. काशिनाथची वाट न बघता एसटीत बसले आणि वरस्याला गेले.

अंगणातूनच भांडण ऐकू आलं. दारात पोहोचले तर खाट फिरवलेली होती. आरसा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. दत्ताराम नुसता कमरेचा पट्टा बांधून, मागे उशा लावून, खाटेवर चक्क बसले होते. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली होती. त्यांच्या मांडीवर मयुरीची वही, सरळ, जशी सगळ्यांच्या मांडीवर असते तशी. मयुरी समोर पाय मुडपून बसलेली, हातात पेन्सिल. दोघांचे आवाज चढलेले. मी आल्याचं कोणाला कळलं नाही.

मी दारातच थांबले. इतके दिवस या माणसाचा चेहरा मी एक तर आरशात पाहिला होता, नाही तर डोक्यामागून, हनुवटी वर आणि कपाळ खाली असा. समोरून, जसा असतो तसा, तो मला पहिल्यांदाच दिसत होता. त्यांचा भांग मी समजत होते त्याच्या दुसऱ्या बाजूला होता. भुवईवर एक जुनी खूण होती, तीही दुसरीकडे. रस्त्यात भेटले असते तर मी ओळखलं नसतं.

आतून सुगंधा आली आणि मला पाहून लगबगीने पुढे झाली.

‘या, ताई, या! सांगायला फोन करणारच होते. वर्तुळाचं आणलंत का? कशाला एवढी दगदग केलीत?’

मी पिशवी पाठीमागे केली.

‘छे, वहिनी. रोह्याला एक काम होतं. म्हटलं सहज डोकावून जावं.’

‘बरं झालं आलात,’ दत्ताराम मोठ्याने म्हणाले. ‘बसा इथं. आमचं मिटवून द्या. ही बोलते हा कोन साठचा, मी बोलतो तीसचा. अर्धा तास झाला, ऐकायलाच तयार नाय.’

मी मयुरीशेजारी बसले आणि वही पुढे ओढून आकृती पाहिली. मयुरीचं बरोबर होतं. मी तसं सांगितलं. दत्तारामांनी वही आपल्याकडे घेतली, एक-एक पायरी बोट ठेवून वाचली, एकदा वर, एकदा खाली. मग मान्य करायचं कसं ते न सुचून लेकीकडे पाहिलं आणि असे खदाखदा हसत सुटले, की सुगंधा माझ्यासाठी आणलेली कपबशी तशीच टाकून ओरडत धावली,

‘अहो, पाठ! पाठ!’